वहिनीचा हिरवा चुडा आणि ग्रीन स्क्रीन

आजचा विषय ग्रीन स्क्रीन, आणि सुरुवात आमच्या घरातल्या एका भांडणापासून.

माझी वहिनी दहावीच्या मुलांसाठी विज्ञानाचे व्हिडिओ करते. नुकतंच लग्न झालेलं, हातात हिरवा चुडा. मागे हिरवं कापड लावून सूर्यमाला दाखवायची तिची आयडिया होती. पहिला व्हिडिओ लावला तर पंजे हवेत तरंगतायत आणि मनगटाच्या जागी शनीची कडी! मी म्हणालो, "वहिनी, शूटपुरत्या बांगड्या काढून ठेव ना." ती म्हणाली, "बांगड्या निघणार नाहीत. तू इंजिनिअर आहेस ना, तुझं सॉफ्टवेअर बदल."

मग दोन संध्याकाळी मी ओबीएसमधले स्लायडर सरकवत बसलो. कीइंग म्हणजे काय, तर सॉफ्टवेअर प्रत्येक पिक्सेलला विचारतं, तुझा रंग ठरवलेल्या हिरव्यापासून किती लांब आहे? जवळ असेल तर पिक्सेल पारदर्शक, लांब असेल तर राहू दे. हे 'जवळ' म्हणजे किती, ते सिमिलॅरिटीच्या स्लायडरवर ठरतं. तो कमी केला की बांगड्या परत यायच्या, पण कापडाच्या सुरकुत्याही यायच्या. वाढवला की दोन्ही गायब. बांगडी कुठली आणि कापड कुठलं, हे त्याला कळतच नाही. त्याला फक्त रंग कळतो.

मग हिरवाच का वापरतात? एक तर माणसाच्या कातडीत हिरवा फारसा नसतो. दुसरं कारण सेन्सर. बहुतेक कॅमेऱ्यांत दर चार ठिपक्यांपैकी दोन हिरवा पकडतात, लाल आणि निळा एकेकच. म्हणून हिरवा जास्त स्वच्छ येतो. पण हा काही नियम नाही! फिल्मच्या काळात निळाच पडदा चालायचा. १९४० च्या 'द थीफ ऑफ बगदाद'मध्ये तोच वापरलाय.

हे आठवलं आणि मी कापडाच्या दुकानात जाऊन निळं सुती कापड आणलं. चकाकणारं सॅटिन घेऊ नका, त्यावर उजेडाचे पट्टे पडतात.

निळ्याला मात्र उजेड जास्त लागतो, नाहीतर नॉइज येतो. पिवळ्या बल्बच्या प्रकाशात निळा भाग कमी असतो, म्हणून आम्ही पांढरे एलईडी लावले. कापडाला दोन बाजूंनी वेगळे, वहिनीला वेगळा. आणि तिला कापडापासून पाच-सहा फूट पुढे उभं केलं. जवळ उभं राहिलं की कापडाचा रंग केसांवर, खांद्यावर उतरतो. त्याला स्पिल म्हणतात. 'द मँडलोरियन'च्या हिरोचं चिलखत इतकं चकचकीत की ग्रीन स्क्रीनचा रंग सगळीकडे दिसला असता. तिथे पडद्याऐवजी एलईडीच्या भिंतीवर खरं दृश्यच दाखवलं. आपलं बजेट कापडाचं.

केसांच्या कडा तरीही थोड्या खरबरीत राहिल्या. यात फोनचाही दोष आहे. फोन सहसा दर चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद ठेवतो. म्हणजे १९२० बाय १०८० चा व्हिडिओ रंगापुरता ९६० बाय ५४० च असतो, आणि कीइंग चालतं रंगावरच. वहिनीने केस बांधले, प्रश्न बराचसा मिटला.

व्हर्च्युअल सेटचं म्हणाल तर दोनच गोष्टी बघा. चित्रातला उजेड ज्या बाजूने येतो त्याच बाजूने तुमचा दिवा हवा, आणि फोन ट्रायपॉडवरून हलता कामा नये. फोन हलला आणि मागचं चित्र जागचं हललं नाही, की सोंग उघडं पडतं.

आता बांगड्या मस्त दिसतात. प्रॉब्लेम एवढाच की त्या माईकवर वाजतातही. काढायच्या तर नाहीतच, तेव्हा त्याचं काय केलं ते पुढच्या भागात!