शिळावर्तुळे कोणी रचली?

इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर तोराजा नावाचे लोक आहेत. मृतांना उंच चुनखडकाच्या कड्यांत कोरलेल्या खोल्यांत ठेवण्याची त्यांची जुनी रीत आहे. पूर्वी ते नैसर्गिक गुहांत लाकडी शवपेटिका ठेवीत. पुढे चोरांच्या भयाने कडे कोरू लागले, असे सांगतात. हे ऐकून आपणांस नवल वाटते. परंतु अशा नवलासाठी दिघोरीकरांनी समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. आपल्याच भंडारा जिल्ह्यात पिंपळगावी मृतांची शिळास्मारके आहेत आणि नागपूरजवळ जुनापाणी येथे सुमारे 300 शिळावर्तुळे आहेत.

ही वर्तुळे रचली कोणी? राक्षसांनी किंवा पांडवांनी, असे उत्तर आपल्याकडे सहज मिळते. कुदळीने मात्र निराळे उत्तर दिले. जुनापाणी येथे 1962 मध्ये बाळकृष्ण थापर यांनी तीन वर्तुळे उकरली. पुढे शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी आणि नैकुंड येथे उत्खनने केली. मोठ्या धोंड्यांचे कडे, आत माती व गोटे, त्यांत हाडे, मडकी आणि लोखंडी हत्यारे, अशी ही रचना. हाडे बहुधा अपुरी असतात; म्हणजे देह आधी अन्यत्र ठेवून मागाहून अस्थी येथे आणीत. माहुरझरीस घोड्याच्या मस्तकावरचे तांब्याचे अलंकारही सापडले.

नैकुंडला वर्तुळांजवळच वस्ती निघाली आणि लोखंड गाळण्याची भट्टीही. तेव्हा हे राक्षस नव्हेत. इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमारास येथे नांदणारे, लोखंड जाणणारे, घोडे बाळगणारे लोक होते. तोराजांना कडा मिळाला, त्यांनी तो कोरला. आपल्या पूर्वजांना सपाट रान मिळाले, त्यांनी धोंडे रचले. भूमी वेगळी, म्हणून रीत वेगळी. मृतांविषयीची माया तीच.

या लोकांची घरे मातीची, ती मातीत गेली. त्यांनी लिहून काही ठेवले नाही. त्यांची ओळख उरली ती धोंड्यांच्या मांडणीत. एक धोंडा बांधासाठी उचलला, की पोथीचे एक पान फाटले असे आम्ही म्हणतो; आणि या पोथीची दुसरी प्रत कोठेही नाही. म्हणून नांगराच्या वाटेत असे कडे आढळले, तर ते हलवू नये, पुरातत्त्व खात्यास कळवावे, एवढीच आमची विनंती.