नवी गाणी घेऊन परतलेला बँड

१९८४ साली मुंबईत महेश तिनईकर आणि त्याच्या मित्रांनी 'रॉक मशीन' सुरू केला, तेव्हा इथल्या रॉक बँडकडून श्रोत्यांची एकच अपेक्षा असे: परदेशी गाणी हुबेहूब वाजवा. ओळखीचं गाणं लागलं की टाळ्या, स्वतःचं वाजवलं की हुर्यो. अशा काळात १९८८ मध्ये या मुलांनी स्वतःच्या इंग्रजी गाण्यांचा 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा अल्बम काढला. माझ्या लेखी त्यांचं खरं धाडस हेच. पुढचे सगळे मानसन्मान त्यानंतरचे.

उदय बेनेगलचा आवाज, तिनईकर आणि जयेश गांधी यांच्या गिटारी, मार्क सेल्विनचं बास, झुबिन बालापोरियाचा की-बोर्ड. धोबीतलावच्या रंगभवनात, उघड्या आभाळाखाली, 'इंडिपेंडन्स रॉक' या महोत्सवासाठी पोरं लोटायची, ती अशाच बँडसाठी. पुढे तो परिसर शांतता क्षेत्रात धरला गेला आणि रंगभवनातले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम थांबले. शहराच्या रॉकचं हक्काचं घर गेलं, याची हळहळ आजही वाटते.

१९९० मध्ये दुसरा अल्बम आला. १९९३ मध्ये बँडनं नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं आणि त्याच वर्षी 'प्रिटी चाइल्ड'च्या व्हिडिओला एमटीव्हीच्या आशियाई प्रेक्षकांचा पुरस्कार मिळाला. घरोघरी केबल नुकती पोचत होती; मुंबईचा बँड परदेशी वाहिनीवर दिसणं ही तेव्हा फार मोठी गोष्ट होती. १९९५ मध्ये नव्या नावानं अल्बम निघाला, पण तोवर वारं फिरलं होतं. कॅसेट कंपन्यांना हिंदी पॉपमध्ये पैसा दिसू लागला होता, आणि इंग्रजीत लिहिणाऱ्या बँडला पाय रोवायला जागा उरली नव्हती. १९९७ मध्ये बँड थांबला. उदय आणि जयेश न्यूयॉर्कला गेले, तिथे त्यांनी 'आम्स फॉर शांती' हा वेगळा प्रयोग केला.

२०१० मध्ये इंडस क्रीड पुन्हा उभा राहिला. अशा पुनर्मीलनात बहुतेक वेळा जुनीच गाणी वाजतात, श्रोते सोबत गातात, आणि तेवढ्यावर भागतं. त्यात वाईट काही नाही, पण या मंडळींना तेवढं पुरणार नव्हतं. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया या तिघांनी बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय राव कवी अशा तरुण वादकांना बरोबर घेतलं आणि ते नवं लिहायला बसले. २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' आला. त्याचं मिक्सिंग टिम पामर यांनी केलं. 'पर्ल जॅम' या अमेरिकी बँडच्या 'टेन' अल्बमचं मिक्सिंग याच पामर यांचं.

या अल्बममध्ये ऐंशीच्या दशकातला उत्सवी जोश फारसा सापडत नाही. गाणी गडद आहेत, चाली सावकाश उलगडतात, की-बोर्ड आणि गिटार एकमेकांना भरपूर जागा देतात. जुन्या चाहत्यांपैकी कुणाला 'टॉप ऑफ द रॉक' या जुन्या गाण्याची आठवण आली तर ते समजण्यासारखं आहे. मला मात्र हा त्यांचा सगळ्यांत पक्व अल्बम वाटतो.