यंत्र बहिरें झालें काय?

डिसेंबर २००४ च्या त्सुनामींत अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हां तेथें असलेल्या हौशी रेडिओचालकांनीं बेटांवरील माणसांचें कुशल त्यांच्या आप्तांस कळविलें. अशा प्रसंगीं क्षीण हांकही ऐकूं आली पाहिजे; म्हणून यंत्राची श्रवणशक्ति आधींच पारखून ठेवावी.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या यंत्रावर दूरचे आवाज येईनासे झाले. पुतण्या म्हणाला, "काका, हें बहिरें झालें, आतां नवें घ्या." मीं म्हटलें, "आधीं मापूं, मग निवाडा करूं."

पहिली परीक्षा बिनखर्चाची. अँटेना काढून पुन्हां लावावी. लघुलहरींवर बाहेरून येणारी खरखर यंत्राच्या स्वतःच्या खरखरीहून अधिक असते. ती वाढली तर यंत्राचे कान शाबूत समजावे. आमच्याकडे ती वाढली नाहीं. मग दोष यंत्राचा कीं वाटेचा?

स्नेह्याकडून सिग्नल जनरेटर आणून अँटेनाच्या जागीं जोडला. (असें जोडलें असतां प्रक्षेपणाची कळ चुकूनही दाबूं नये, जनरेटर जळेल.) ५० मायक्रोव्होल्ट दिल्यास लघुलहरींवर मीटरचा कांटा एस-९ वर यावा असा संकेत आहे, तो तेथेंच आला. पाव मायक्रोव्होल्टाचा सूरही स्पष्ट ऐकूं आला. यंत्र निर्दोष होतें!

गच्चीवरील केबलच्या जोडांत पाणी शिरून तांबें काळें पडलें होतें. नवा जोड बसवितांच खरखर परतली, आणि तिच्यामागून दूरचे आवाजही. तात्पर्य, ऐकणाऱ्यास दोष देण्यापूर्वीं शब्द ज्या वाटेनें येतो ती वाट तपासावी.