खानदेशचे ऊन आणि ‘शक्तिमान’चा शीतन-पंखा

‘रेडिएटर’ ही संज्ञा शास्त्रदृष्ट्या काहीशी दिशाभूल करणारी आहे. तिचा मूळ अर्थ ‘किरण फेकणारा’. परंतु मोटारीच्या या भागातील बहुतेक उष्णता प्रारणाने नव्हे, तर जाळीतून वाहणाऱ्या हवेबरोबर निघून जाते. नावाने श्रेय जाळीला मिळाले. कार्य मात्र हवेचे, म्हणजेच पुष्कळ अंशी पंख्याचे आहे. जुन्या लष्करी मालमोटारीचा पंखा सुधारू पाहणाऱ्याने हा भेद प्रथम ध्यानी घेतला पाहिजे.

उदाहरणार्थ ‘शक्तिमान’ घेऊ. पश्चिम जर्मनीतील मॅन कंपनीच्या परवान्याने जबलपूर येथे निर्माण झालेली ही मालमोटार भारतीय सेनेने अनेक दशके वापरली. अशी गाडी जळगाव-धुळे भागात चालवावयाची झाल्यास ऋतुमान फार महत्त्वाचे ठरते. एंजिनाचे पाणी ९० अंश सेल्सिअस आहे असे समजू. जानेवारीच्या पहाटे हवा १५ अंश असेल, तर दोहोंतील अंतर ७५ अंश होते. मे महिन्याच्या दुपारी हवा ४५ अंश झाली की ते ४५ अंशच उरते. म्हणजे तेवढ्याच हवेने उष्णता ढोबळमानाने ४० टक्के कमी निघते. शिवाय तप्त हवा विरळ असते.

त्यात चाळीसगावहून कन्नडकडे जाणारा घाट आला, की अडचण दुहेरी होते. खालच्या गिअरमध्ये एंजिनावर पूर्ण भार असतो, पण गाडीच्या गतीने मिळणारा वारा नाममात्र असतो. तेथे सारी भिस्त पंख्यावर असते.

यावर पुली बदलून पंखा अधिक वेगाने फिरविणे हा सोपा उपाय वाटतो. परंतु हवेचे प्रमाण वेगाच्या प्रमाणात वाढते, तर लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग २० टक्क्यांनी वाढविल्यास हवा २० टक्के, शक्ती मात्र सुमारे ७३ टक्के अधिक लागते. जुन्या पात्यांवरील ताणही वाढतो. रिव्हेटजवळ तडा असेल तर पाते तुटून जाळी फाडील, जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावरही बेतेल.

विजेच्या पंख्याचा दोष निराळा आहे. ५०० वॅटचा पंखा २४ व्होल्टवर सुमारे २१ अँपिअर प्रवाह घेतो. जुना डायनॅमो मंद गतीत, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी, फारच थोडा प्रवाह देतो. म्हणून पुरेशा क्षमतेच्या अल्टरनेटरवाचून हा बदल करू नये.

याहून फलदायी उपाय पुष्कळदा पंख्याभोवतीच्या पत्र्याच्या कड्यात सापडतो. कडे नसेल, किंवा पात्यांपासून फार दूर असेल, तर तीच तप्त हवा कडेने फिरून पुन्हा पंख्यात येते आणि जाळीतून नवी हवा ओढली जात नाही. मात्र ही फट अगदी अरुंद करणेही घातक आहे. खडबडीत वाटेवर लष्करी गाडीची चौकट पिळवटते, एंजिन रबरी आधारांवर हलते आणि पाती कड्यावर घासतात.

तात्पर्य, क्रम असा असावा : जाळीतील धूळ व आतील क्षार काढणे, पट्ट्याचा ताण पाहणे, कडे नीट बसविणे, आणि त्यानंतरच अधिक पात्यांच्या पंख्याचा विचार करणे. नवा पंखा मूळच्याच छिद्रांवर बसवावा आणि जुना जपून ठेवावा, म्हणजे गाडीचे ऐतिहासिक मूल्यही अबाधित राहील.