पट्टीमागची स्प्रिंग

आषाढ लागला की पनवेलच्या आसपासच्या गावांत भजनाची पेटी वरचेवर बाहेर निघते, आणि नेमकी तेव्हाच ती बिघडते. भाता ओढताच बोट न लावता एखादा सूर वाजू लागतो, नाहीतर दाबलेली पट्टी वर यायला रेंगाळते. मग खापर स्प्रिंगवर फुटतं.

पट्टी ही तरफ. पुढून दाबली की मागची कातडं लावलेली झडप उघडते आणि भात्यातली हवा पितळी सुराला, म्हणजे पातीला, कंपवत बाहेर पडते. बोट उचललं की तारेची स्प्रिंग झडप मिटवते. ग्रँड पियानोत आवाज थांबवायला डॅम्पर असतो. तो मुख्यतः स्वतःच्या वजनानेच तारेवर बसतो, स्प्रिंग असलीच तर मदतीला. सर्वांत वरच्या सुमारे दीड सप्तकाला तर डॅम्परच नसतो, कारण त्या आखूड तारा आपोआप गप्प होतात. पेटीला ही सवलत नाही. हवा आहे तोवर सूर वाजणारच.

स्प्रिंगचा संबंध पेटीच्या एका जुन्या बदनामीशीही आहे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. तिच्यावरचा एक मोठा आक्षेप असा, की तिच्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही. पेटीवादक गोविंदराव टेंब्यांनी मात्र याच वाद्याला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा दिली होती. एक पट्टी पुरती मिटण्याआधी दुसरी उघडायची आणि भाता तोलायचा, यातूनच वादक मींडेचा भास उभा करतो. ही नजाकत स्प्रिंगच्या समान ताणावर अवलंबून असते.

स्प्रिंगचा बाक किंचित उघडला की ताण वाढतो, मिटला की उतरतो. काम सोपं, म्हणूनच घाई होते. एक पट्टी ताणली की शेजारची सैल वाटते, तीही ताणली जाते, आणि बघता बघता ३७ पट्ट्यांची अख्खी पेटी जड होते. मला गळक्या पेटीपेक्षा जड पेटी वाईट वाटते. गळती निदान ऐकू येते. जडपणाने तान अडखळते आणि वादकाला दोष आपल्या बोटांचा वाटतो.

म्हणून आधी पट्टी निरखावी. दमट हवेत फुगलेलं लाकूड शेजारच्या पट्टीला घासतंय का? झडपेखाली कचरा अडकलाय का? कातडं कडक झालंय का? यांवर स्प्रिंग हा इलाजच नव्हे. गंजलेली तार मात्र वाकवत बसू नये, बदलावी. पेटी वाळवायची तर सावलीत, वाऱ्यावर; उन्हात लाकूड तडकतं.

फुगलेली पट्टी तासण्याचीही घाई नको. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तेच लाकूड आकसतं, आणि श्रावणात तासलेली पट्टी मग खुळखुळू लागते.