हाताची पैसेवारी

परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव हे रेणुकादेवीच्या देवस्थानामुळे पंचक्रोशीत ख्यातनाम असलेले गाव. मराठवाड्यातील इतर गावांप्रमाणे याही गावाच्या नावापुढे दर हंगामात महसुली दफ्तरात एक आकडा लिहिला जातो. जुनी माणसे त्याला आणेवारी म्हणत, आता तो पैसेवारी म्हणून ओळखला जातो. उभ्या पिकाकडे पाहून प्रथम नजरअंदाज, मग सुधारित आणि अखेरीस प्रत्यक्ष कापणीप्रयोगांवरून अंतिम, अशा पायऱ्यांनी तो पक्का होतो. तो 50 पैशांच्या वर आहे की खाली, यावर जमीन महसुलाच्या सवलतीपासून विद्यार्थ्यांच्या परीक्षाशुल्काच्या माफीपर्यंत कितीतरी गोष्टी अवलंबून असतात. अमेरिकेतील बेसबॉलच्या मैदानांवर, कुंपणाच्या जाळीमागे वही घेऊन बसणारे पारखी कोवळ्या पिचरच्या, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या, हाताची जी किंमत ठरवतात, तिची रीत मराठवाड्याच्या वाचकाला या पैसेवारीवरून जितकी नीट उमजेल, तितकी दुसऱ्या कशावरून उमजणार नाही. कारण तिथेही उभ्या पिकाचाच अंदाज करावयाचा असतो, आणि तिथेही 50 हीच मध्यरेषा आहे.

त्या मापनश्रेणीचे जनकत्व परंपरेने ब्रँच रिकी यांच्याकडे दिले जाते. 1947 मध्ये जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला मेजर लीगचे, म्हणजे तेथील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेचे, दार उघडून देणारे आणि त्यापूर्वी सेंट लुईस येथे कोवळे खेळाडू कनिष्ठ संघांतून वाढवण्याची व्यवस्था उभारणारे हेच ते गृहस्थ. श्रेणी 20 पासून 80 पर्यंत चालते. 50 म्हणजे मेजर लीगमधील सर्वसाधारण खेळाडूची पातळी, 60 म्हणजे ठळकपणे सरस, आणि 80 हा आकडा पारख्याच्या लेखणीतून क्वचितच उतरतो. पिचरच्या बाबतीत एकच अंक देऊन भागत नाही. त्याचा वेगवान चेंडू, वळणारा चेंडू, त्याच हातवाऱ्याने पण मंद वेगाने येऊन फलंदाजाला फसवणारा चेंडू आणि चेंडूवरील त्याचा ताबा, यांची नोंद निरनिराळी होते. आणि प्रत्येक नोंदीत दोन आकडे असतात, एक आजचा आणि एक पुढे होऊ शकेल असा. एकोणीस वर्षांच्या मुलाचा वळणारा चेंडू आज 35 चा असेल आणि उद्या 55 चा होईल, असे जो लिहितो, तो आपली प्रतिष्ठा त्या मधल्या वीस गुणांवर गहाण टाकतो. मला या साऱ्या व्यवहारात थोर वाटते ती हीच गोष्ट, की अपूर्णतेला दोष न मानता तिची स्वतंत्र रकाना देऊन नोंद केली जाते.

ही पारख करण्यास वेळ लागतो, आणि म्हणूनच मायनर लीगच्या, म्हणजे कनिष्ठ व्यावसायिक स्पर्धांच्या, पायऱ्या रचलेल्या आहेत: नवख्यांचा वर्ग, मग ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. 2021 च्या पुनर्रचनेनंतर मेजर लीगच्या तीस संघांशी संलग्न असे 120 संघ राहिले. प्रत्येक पायरीवर फलंदाज अधिक शहाणा भेटतो, आणि खालच्या वर्गात निव्वळ वेगावर निभावलेला पिचर वरच्या वर्गात उघडा पडतो.

वेगाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण सर्वांत मोठा मोह तोच. पिचरच्या पट्टीपासून होमप्लेटपर्यंतचे, म्हणजे फलंदाजाजवळच्या पाटीपर्यंतचे, अंतर 60 फूट 6 इंच. ताशी 90 मैलांनी सुटलेला चेंडू ते सुमारे 0.4 सेकंदात तोडतो. 1970 च्या दशकाच्या मध्यावर मिशिगन स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक डॅनी लिटव्हाइलर यांच्या प्रयत्नांतून पोलिसांची रडार बंदूक मैदानावर आली, आणि वेग हा डोळ्यांचा विषय न राहता यंत्रावर उमटणारा अंक झाला. यंत्र खोटे बोलत नाही हे खरे. परंतु विचारलेल्या प्रश्नापलीकडे ते काही सांगतही नाही.

याचा सर्वांत करुण दाखला स्टीव्ह डाल्कोव्स्की या डावखुऱ्या पिचरचा. बाल्टिमोर ओरिओल्सच्या मायनर लीगमधील हा तरुण इतक्या वेगाने चेंडू टाकी, की ज्यांनी त्याला पाहिले त्यांतील अनेकांनी त्याला आयुष्यात पाहिलेला सर्वांत वेगवान पिचर ठरवले. रडार बंदूक यायची होती, म्हणून 1958 मध्ये त्याला ॲबर्डीन येथील लष्करी चाचणीकेंद्रावर नेण्यात आले. आदल्या दिवशीच तो सामना खेळलेला, पायाखाली पिचरचा उंचवटा नाही, आणि यंत्राच्या मापाच्या टप्प्यात एक चेंडू पडावा म्हणून बराच वेळ चेंडूमागून चेंडू टाकत राहिल्यावर नोंद झाली ती ताशी 93.5 मैलांची. 1960 मध्ये स्टॉक्टन संघाकडून 170 डावांत त्याने 262 फलंदाज बाद केले, आणि नेमक्या 262 फलंदाजांना चार-चार चुकार चेंडू टाकून फुकटचा तळ बहाल केला. या दोन समान आकड्यांत त्या मुलाचे सारे दैव लिहिलेले आहे. 1962 मध्ये एल्मायरा येथे अर्ल वीव्हर या व्यवस्थापकाने त्याच्यावरील अपेक्षांचा भार हलका केला, मोजकेच प्रकार टाकण्यास सांगितले, आणि 160 डावांत त्याच्या फुकट तळांची संख्या 114 वर उतरली. पुढच्या वसंतात, मेजर लीगचे दार दृष्टिपथात आले असताना, त्याचे कोपर दुखावले. त्या दाराच्या आत तो कधीच गेला नाही. त्याच्या हाताचे मोजमाप अनेकांनी केले, परंतु त्याला काय झेपेल हे ओळखणारा वीव्हर त्याला फार उशिरा भेटला.

याच्या उलट दाखला पेड्रो मार्टिनेझ यांचा. शरीराने लहान, म्हणून दीर्घकाळ टिकणार नाही, अशा समजुतीने लॉस एंजेलिस डॉजर्स संघाने त्यांना 1993 मध्ये माँट्रियलला देऊन टाकले; त्यानंतर त्यांनी सर्वोत्कृष्ट पिचरचा साय यंग पुरस्कार तीनदा मिळवला.

हिंदुस्थानाशी या पारखेचा प्रत्यक्ष संबंध 2008 मध्ये आला. ‘मिलियन डॉलर आर्म’ या स्पर्धेत हजारो तरुणांच्या हातांची रडार बंदुकीने झडती झाली आणि उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग व दिनेश पटेल हे दोघे निवडले गेले. दोघेही भालाफेकपटू, बेसबॉल त्यांनी खेळलेला नव्हता. रिंकूचा वेग ताशी 87 मैल भरला. टॉम हाऊस या प्रशिक्षकाच्या हाताखाली काही महिने काढल्यावर पिट्सबर्ग पायरेट्सने त्या दोघांशी करार केला, आणि जुलै 2009 मध्ये रिंकूच्या नावावर अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलमधील भारतीय नागरिकाचा पहिला विजय लागला. दिनेशला 2010 मध्ये मोकळे करण्यात आले. रिंकू पुढे काही पायऱ्या चढला, पण दुखापतींनी त्याचे हंगामच्या हंगाम खाल्ले. याला अपयश म्हणणे मला अन्यायाचे वाटते. नजरअंदाजावर पेरलेले ते पीक इतके तरी उभे राहिले, हेच आश्चर्य.

आपल्याकडे हे कौशल्य क्रिकेटच्या वेगवान गोलंदाजांच्या बाबतीत नांदले. श्रीरामपूरचा झहीर खान अभियांत्रिकीच्या वाटेवर असताना मुंबईत नॅशनल क्रिकेट क्लबच्या सुधीर नाईक यांनी त्याला वेगवान गोलंदाजीच करण्याचा सल्ला दिला; पुढे चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये त्याचा हात घडला, आणि 92 कसोटींत 311 बळी मिळवून तो निवृत्त झाला. नागपूरजवळच्या वलनी या कोळसाखाणीच्या वस्तीत वाढलेल्या उमेश यादवची कथा तर अधिक बोधक आहे: विशीच्या उंबरठ्यापर्यंत त्याने चामड्याचा चेंडू धड हाताळलेला नव्हता, आणि विदर्भाचे कर्णधार प्रीतम गंधे यांनी त्याचा अघडीव वेग पाहून त्याला संधी दिली. दोघांच्याही बाबतीत पारखी नुसते निकाल देऊन निघून गेले नाहीत, ते मुलाच्या पाठीशी उभे राहिले.

राणीसावरगावच्या परिसरात हातांची वाण नाही. भरल्या कणसांच्या ज्वारीत माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणाऱ्या घरांतील मुले आज शाळेच्या मैदानावर भाला फेकतात, चेंडू टाकतात. बेसबॉल आणि सॉफ्टबॉल हे दोन्ही खेळ शालेय क्रीडास्पर्धांच्या यादीत आहेत, आणि शासकीय नोकरीतील खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणामुळे पालकांनाही त्यांचे महत्त्व पटू लागले आहे. चिंता निराळीच आहे. शालेय स्पर्धा थोड्या दिवसांत उरकल्या जातात, आणि संघात एकच चांगला पिचर असला, म्हणजे सकाळी, दुपारी आणि पुन्हा दुसऱ्या दिवशीही त्याच कोवळ्या कोपरावर भार पडतो.

त्या कोपराच्या आतल्या बाजूचा बंध तुटणे हा पिचरचा जुना शाप. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या तुटलेल्या बंधाच्या जागी त्याच्याच दुसऱ्या हातातील स्नायुरज्जू बसवली. जॉन 1976 मध्ये परतला आणि 1989 पर्यंत खेळला. परंतु ती शस्त्रक्रिया, आणि तिच्यानंतरची वर्षभराची शुश्रूषा, आपल्या खेड्यातील कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहे. म्हणून मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी 2014 मध्ये घालून दिलेली मर्यादा आपल्या शाळांनी हुकुमासारखी मानावी असे माझे आग्रहाचे मत आहे: पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने एका दिवसात 95 हून अधिक चेंडू टाकू नयेत, आणि 76 किंवा अधिक टाकले तर पुढे चार दिवस विश्रांती घ्यावी. यासाठी रडार बंदूक लागत नाही. क्रीडाशिक्षकाच्या वहीत तारीख, टाकलेले चेंडू, विश्रांतीचे दिवस आणि दुखण्याची तक्रार असे चार रकाने आखले, आणि प्रत्येक सामन्यात एका विद्यार्थ्याकडे चेंडू मोजण्याचे काम सोपवले, म्हणजे ही नोंद याच हंगामापासून सुरू करता येते.