खांदेरीची रसद

आपल्या गोंदिया जिल्ह्यात तलाव पुष्कळ. डोंगा पाण्यावर कसा सरकतो, हे दवनीवाड्याच्या मुलांना सांगावे लागत नाही. डोंग्याला खोल पाणी लागत नाही आणि वाराही लागत नाही. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा.

शत्रूने एखाद्या बेटाला वेढा घातला, म्हणजे आतले लोक लढाईपेक्षा उपासमारीने लवकर हरतात. त्यांना बाहेरून पोहोचवलेल्या धान्याला व दारूगोळ्याला रसद म्हणतात. हा शब्द तुम्हांला उर्दूतूनही ओळखीचा आहे.

मुंबईच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी नावाचे लहानसे बेट आहे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी तेथे किल्ला बांधण्यास मायनाक भंडारी यांना पाठवले. मुंबईचे इंग्रज घाबरले. मराठ्यांच्या तोफा आपल्या बंदराच्या तोंडाशी आल्या, तर व्यापार कसा चालणार? त्यांनी बेटाभोवती जहाजे उभी केली. पुढे मोगलांच्या बाजूने सिद्दी कासमही आपले आरमार घेऊन आला.

बेटावर माणसे राबत होती, तट चढत होता. त्यांना रोज खायला हवे, चुना हवा, लाकूड हवे. हे सारे किनाऱ्यावरून येई. इंग्रजांची जहाजे मोठी आणि शिडांची. वारा पडला की ती जागीच थांबत. उथळ पाण्यात त्यांना शिरता येत नसे. मराठ्यांच्या होड्या मात्र लहान, वल्ह्यांनी चालणाऱ्या. रात्री अंधारात त्या पहारा चुकवून बेटाला लागत आणि माल उतरवून परत फिरत. समोरून तोफा डागणाऱ्या जहाजांना या चिमुकल्या होड्यांनी हैराण केले!

१८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखान या मराठ्यांच्या आरमारप्रमुखाने इंग्रजांवर हल्ला केला. त्यांचे ‘डव्ह’ नावाचे गुराब मराठ्यांनी पकडले. ‘रिव्हेंज’ या जहाजाने मात्र तोफांचा असा मारा केला, की दौलतखानाला नागावच्या खाडीत मागे हटावे लागले. तरी रसद थांबली नाही, हे विशेष.

दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट १९४२ मध्ये, माल्टा बेटाकडे १४ मालवाहू जहाजांचा ताफा निघाला. विमाने व पाणबुड्यांच्या माऱ्यातून पाचच पोहोचली. तेवढ्यावर माल्टा तगले.

जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी तह करून जहाजे मागे घेतली. सिद्दीने जवळचे उंदेरी बेट बळकावले आणि दोन्ही बेटांच्या तोफा एकमेकींकडे तोंड करून उभ्या राहिल्या. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.